आधी पाटी, मग ताट

वडोदऱ्यात मूल शाळेत आलं ते कायद्यानं. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या बडोदा संस्थानाला लागू झाला. मुलाला शाळेत धाडलं नाही तर पालकांना दंड. कायद्याला हजेरीशी मतलब होतं. मूल काय खाऊन आलंय, हा ज्याच्या त्याच्या घरचा मामला.

गुजरात सरकारचं मध्याह्न भोजन आलं ते १९८४ मध्ये. १९०६ पासून मोजलं तर मधे ७८ वर्षं गेली! केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ची. तिच्यात बऱ्याच राज्यांनी शिजवलेल्या जेवणाऐवजी महिन्याला ३ किलो धान्य दिलं. ते घरच्या डब्यात पडलं की सगळ्यांच्याच पोटात जाणार, मुलाच्या वाट्याला किती येणार? नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलंच अन्न द्यायला सांगितलं. पुढे प्राथमिकच्या मुलासाठी ताटाचं माप ठरलं: ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं.

आहारशास्त्र मात्र वडोदऱ्यात त्याच्या कितीतरी आधीपासून शिकवलं जात होतं. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ चं, हंसा मेहता कुलगुरू. त्यांच्या काळातच गृहविज्ञान शाखा उभी राहिली. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी मुलीही तिथं शिकल्या. आमच्याकडच्या स्वयंपाकघरांत ‘प्रथिनं’ हा शब्द बहुधा त्यांच्याच वह्यांतून शिरला असावा. पण हे शिक्षण आधी भावी गृहिणीला मिळालं, पहिलीतल्या पोराला नाही. त्याच्या वाट्याला भिंतीवरचा फळं-भाज्यांचा तक्ता.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. शाळेतलं हे जेवण सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांचं. खासगी शाळेत जाणाऱ्या मुलाची भिस्त डब्यावर, आणि डबा पोळी-भाजीवरून वेफर्सवर कधी घसरला ते घरातही कुणाला नीट सांगता येत नाही. अन्नसुरक्षेच्या २०२० च्या नियमांनी शाळेपासून ५० मीटरच्या आत जादा चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला बंदी घातली. २०२५ मध्ये सीबीएसई या केंद्रीय शिक्षण मंडळानं शाळांत ‘साखरेचे फलक’, म्हणजे खाण्यापिण्यातल्या साखरेची माहिती देणारे फलक, लावायला सांगितलं.

आता राहिली आपली वडोदऱ्याची सेव-उसळ. तिच्यातले वाटाणे बिचारे चांगलेच आहेत. हात आवरायचा तो वरच्या शेवेवर.