खनिज साठ्याच्या आकारातील अनिश्चितता

जमिनीखालच्या खनिज साठ्याची जाडी, उतार आणि सीमा यांचे त्रिमितीय प्रारूप मोजक्या बोअरांच्या आधारे तयार करताना, दोन बोअरांमधल्या न पाहिलेल्या खडकाविषयी जी शंका उरते, तिला आकारातील अनिश्चितता म्हणतात. खनिजाच्या प्रतीविषयीच्या शंकेहून ही वेगळी व अनेकदा अधिक महाग पडणारी असते. प्रतीचा अंदाज चुकला तर साठ्याचे मोल बदलते, पण सीमा चुकली तर खाणकाम खनिज नसलेल्या खडकात जाते.

विदर्भात याचे उत्तम उदाहरण मँगनीजचे आहे. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग किंवा नागपूर जिल्ह्यातील मनसर व कांद्री येथील मँगनीज सौसर समूहाच्या रूपांतरित खडकांत असून, हे खडक पुन्हापुन्हा घड्या पडून वळलेले आहेत. त्यामुळे एकाच बोअरमध्ये मँगनीज दोनदा लागले, तर ते दोन स्वतंत्र थर आहेत की एकच थर घडीमुळे दुमडला आहे, हे केवळ गाभ्याच्या (बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दंडगोलाच्या) नोंदीवरून ठरत नाही. उताराचेही तसेच आहे. उभ्या बोअरमध्ये १० मीटर खनिज मिळाले आणि थराचा उतार ६० अंश असला, तर खरी जाडी ५ मीटर भरते. उतार ७० अंश निघाला, तर ती सुमारे ३.४ मीटरच उरते.

पूर्वी भूवैज्ञानिक प्रत्येक छेद हाताने रेखाटत आणि ती एकच रेषा पुढे प्रमाण मानली जाई. आता उतार, घडीचा अक्ष व विभंगाची (खडक तुटून सरकलेल्या भेगेची) जागा थोडीथोडी बदलून संगणकावर अनेक प्रारूपे करता येतात, आणि खडकाचा एखादा ठोकळा त्यांपैकी किती प्रारूपांत खनिजाच्या आत येतो, यावरून त्याची संभाव्यता काढतात. मात्र सगळ्या प्रारूपांनी घडीविषयी एकच समजूत गृहीत धरली असेल, तर त्यांच्यातला फरक फसवा कमी दिसतो. म्हणून निरनिराळ्या भूवैज्ञानिकांचे अन्वयार्थ स्वतंत्रपणे घेणे आवश्यक ठरते. फ्रेंच गणितज्ञ मॅथरॉन यांनी दक्षिण आफ्रिकेतील खाण अभियंते क्रिग यांच्या कामावरून विकसित केलेली क्रिगिंग पद्धत (आसपासच्या बोअरांतील मोजमापांवरून मधल्या जागेचा अंदाज बांधण्याची रीत) अंदाजाची त्रुटी सांगते खरी, पण सीमा आधीच पक्की धरली असेल, तर त्या सीमेविषयी ती काहीच सांगत नाही.

वर्धा खोऱ्यातील दगडी कोळशाचे थर तुलनेने सपाट असले, तरी विभंगांनी तुटलेले आहेत; कामठी वालुकाश्म व काही भागांत बेसाल्ट यांच्याखाली झाकलेले हे विभंग दोन बोअरांमध्ये सहज निसटतात.

भारतात २०१५ च्या नियमांनुसार अन्वेषणाचे जी-४ ते जी-१ असे वाढत्या तपशिलाचे टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर सीमा एका रेषेऐवजी पट्ट्याने दाखवणे आणि पुढचा बोअर प्रारूपांत सर्वाधिक मतभेद असलेल्या जागी घेणे, हा अधिक प्रामाणिक मार्ग आहे.