दवण्याच्या भावकीतली वाइन

जोतिबाला चैत्रात वाहतात तो दवणा आणि बारच्या फळीवरची व्हर्मुथची, म्हणजे कडू-सुगंधी वनस्पती घातलेल्या वाइनची, बाटली एकाच भावकीतले, असं म्हटलं तर कुणी भुवया उंचावेल. पण दोघांच्या मुळाशी वनस्पतींची एकच प्रजाती, आर्टेमिसिया. ‘व्हर्मुथ’ हे नाव जर्मन ‘वेर्मूट’वरून आलं, आणि वेर्मूट म्हणजे दवण्याचा युरोपातला, चवीला जहर कडू असा चुलतभाऊ. आपल्याकडे जंतांवर देत तो किरमाणी ओवाही याच घरातला.

तेव्हा व्हर्मुथची सुरुवात औषधाच्या कपाटात झाली यात नवल नाही. कडू पाला, साली, मसाले वाइनमध्ये भिजवून पोटासाठी घ्यायची रीत युरोपात फार जुनी. शौकाचं पेय म्हणून तिचं नाव झालं ते इटलीतल्या तुरीनमध्ये. १७८६ साली आन्तोनियो बेनेदेत्तो कार्पानो याने तिथे आपली गोड, सुगंधी व्हर्मुथ विकायला काढली. तिच्या मुळाशी सहसा पांढरीच वाइन असते. लाल व्हर्मुथचा रंगही बहुधा जाळलेल्या साखरेचा. फ्रान्समध्ये जोझेफ नोइली याने १८१३ मध्ये कोरडी (म्हणजे गोड नसलेली), फिकी व्हर्मुथ केली. तिची वाइन पिंपांत भरून उन्हापावसात उघड्यावर ठेवतात.

व्हर्मुथमध्ये वरून मद्यार्काची भर असते. ही युक्ती मात्र समुद्रप्रवासाने रुळवली. इंग्लंडचं फ्रान्सशी वाकडं, त्यामुळे व्यापारी पोर्तुगालकडे वळले. १७०३ च्या तहाने पोर्तुगीज वाइनवरची जकातही उतरली. पण पिंपं वाटेत बिघडत. मग त्यांत ब्रँडी ओतायला लागले. पुढे वाइन अर्धवट आंबलेली असतानाच ब्रँडी घालण्याची पद्धत पडली. यीस्ट मरतं, साखर शिल्लक राहते, आणि पोर्ट, म्हणजे ही पोर्तुगीज वाइन, गोड होते. गोव्याहून येताना पुष्कळजण आणतात त्या स्वस्त गोड ‘पोर्ट’चं, खऱ्या पोर्टच्या पोर्तुगालमधल्या डौरो खोऱ्याशी नातं नावापुरतंच. सिसिलीतल्या मार्सालाला जॉन वुडहाउस या इंग्रज व्यापाऱ्याने १७७३ मध्ये हीच वाट दाखवली.

मादेइराची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. अटलांटिकमधल्या या पोर्तुगीज बेटावरची वाइनची पिंपं जहाजाच्या पोटात विषुववृत्त ओलांडून हिंदुस्थानापर्यंत जात. उकाड्यात महिनोन्‌महिने तापलेली वाइन नासायच्या ऐवजी सुधारते, हे कळल्यावर काही पिंपं मुद्दाम हिंदुस्थानची वारी करून परत आणली जात. तिला ‘व्हिन्यो दा रोदा’, म्हणजे फेरी मारून आलेली वाइन म्हणत. नंतर तोच ताप बेटावर बसल्या बसल्या द्यायची सोय झाली.

इतकं भाजून, हवा खाऊन झाल्यामुळे मादेइराची उघडलेली बाटली महिनोन्‌महिने टिकते. व्हर्मुथला तो हिशेब लावू नये. तिच्यात मद्यार्क साधारण १५ ते १८ टक्के. शेवटी ती वाइनच. तरी घरोघरी ती व्हिस्कीशेजारी वर्षभर उघडी उभी असते आणि मग लोक म्हणतात, व्हर्मुथ वाईट लागते! उघडली की फ्रिजमध्ये ठेवायची आणि महिना-दोन महिन्यांत संपवायची.

संपवायला स्वयंपाकघर आहेच. पांढऱ्या वाइनच्या जागी कोरडी व्हर्मुथ बिनधास्त चालते. लोण्यात लसूण परतून त्यात पाव वाटी ओतायची, निम्मी आटू द्यायची आणि मग कोळंबी टाकायची. कोकम घातलेल्या कालवणात मात्र नको. तिथे आंबट आणि कडू यांचं जमत नाही.