चोया उडी मारत नाही

ॲरिझोनातील टूसॉन किंवा फीनिक्सच्या परिसरात लहानाचे मोठे झालेल्यांच्या आठवणींत एक ताकीद हमखास असते: ‘चोयाजवळ जाऊ नका, तो अंगावर उडी मारतो.’ सोनोरा वाळवंटातल्या या निवडुंगाला तिथे ‘उडी मारणारा चोया’ असेच नाव पडले आहे. चोया उडी मात्र मारत नाही, आणि जवळून जाणाऱ्यावर स्वतःचे तुकडेही फेकत नाही.

खरा प्रकार असा, की त्याचे खोड लहान लहान कांड्यांचे बनलेले असते आणि त्यांचे सांधे इतके कच्चे असतात, की काट्याचे टोक बाहीत किंवा पोटरीत जरासे रुतले तरी अख्खे कांडे निखळून सोबत येते. काट्यावर मागे वळलेली सूक्ष्म कुसळे असल्यामुळे तो आत सहज शिरतो, पण बाहेर निघताना कातडी ओढत येतो. टोचल्याचे ध्यानात येईपर्यंत माणूस एक पाऊल पुढे गेलेला असतो, त्यामुळे आपणच झाडाला घासून गेलो हे त्याला पटत नाही. हाताने उपटू गेल्यास तेच कांडे बोटांना चिकटते; म्हणून तिथली जाणती मंडळी फिरायला जाताना खिशात कंगवा ठेवतात, तो कांडे आणि कातडी यांच्यामध्ये सरकवतात आणि झटक्यासरशी कांडे दूर उडवतात (उडी म्हणायचीच तर ती हीच).

जनावरांच्या केसांत अडकून लांब जाऊन पडलेले कांडे तिथे मुळे धरते आणि त्याचे नवे झाड होते. चोयाचा प्रसार मुख्यत्वे असाच होतो.