सियालकोटचे फुटबॉल आणि ते शिवणारी पोरं

जुन्या पद्धतीच्या फुटबॉलला 32 तुकडे असतात, 20 षटकोनी आणि 12 पंचकोनी. ते हाताने शिवायचे, दोन सुया, मेण लावलेला दोरा, गुडघ्यांत धरलेला लाकडी चिमटा, आणि प्रत्येक टाका दोन्ही हातांनी ओढून घट्ट करायचा, बोटं सोलून निघतात. एका बॉलला तीन-चार तास सहज जातात. पाकिस्तानातल्या सियालकोटच्या आसपासच्या गावांत हे काम घरोघरी चालायचं आणि जगातले हाताने शिवलेले बहुतेक बॉल तिथूनच जायचे. जून 1996 मध्ये अमेरिकेच्या लाइफ मासिकात नाइकीचा बॉल शिवत बसलेल्या तिथल्या एका पोराचा फोटो आला आणि एकच गदारोळ उठला.

कंपन्या म्हणायच्या, आम्ही मुलांना कामावर ठेवलेलंच नाही. कागदोपत्री ते खरं होतं, कारण ऑर्डर जायची एक्सपोर्टरकडे, तो माल द्यायचा ठेकेदाराला, ठेकेदार तो गावात घरोघरी पोचवायचा, आणि मजुरी नगावर. आता नगाचा रेटच इतका कमी की मोठ्यांच्या कमाईत घर चालायचं नाही, मग पोरं पण बसायची शिवायला. मुळात स्वस्त माल हवा होता तो ब्रँडलाच ना, मग हात कसे झटकता येतील?

याच्या आधी बांगलादेशात काय झालं तेही बघायला हवं. 1992 मध्ये अमेरिकन सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरीच्या मालाची आयात रोखणारं बिल आणलं, ते पास सुद्धा झालं नाही, पण नुसत्या धसक्याने ढाक्याच्या गारमेंट मालकांनी जवळपास 50 हजार मुलं काढून टाकली. युनिसेफने नंतर शोध घेतला तर त्यातली कितीतरी दगड फोडायला लागलेली, काही मुली वेश्याव्यवसायात गेलेल्या. हे वाचून अजूनही पोटात कालवतं. शेवटी 1995 च्या करारात ठरलं की आधी शाळेत जागा, मगच कामावरून काढायचं.

सियालकोटसाठी फेब्रुवारी 1997 मध्ये अटलांटा करार झाला, आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना), युनिसेफ आणि तिथलं चेंबर ऑफ कॉमर्स यांच्यात. 14 वर्षांखालची मुलं नकोत, शिवणकाम घरातून सेंटरमध्ये आणायचं, तिथे तपासणी होणार. त्याने फरक पडला, पण घरचं बघत शिवणाऱ्या बायकांची पंचाईत झाली, कारण लांबच्या सेंटरमध्ये पुरुषांबरोबर बसायला घरचे पाठवेनात. बायकांची वेगळी सेंटर निघाली ती नंतर, आणि तीही पुरेशी नव्हती. 2006 मध्ये बॉल परत घरात शिवले जातायत म्हणून नाइकीने तिथल्या मोठ्या सप्लायरची ऑर्डरच बंद केली, आणि हजारो कारागिरांचं काम गेलं.