लांडगामाणसाच्या अंगावर केस नव्हते

जर्मनीतल्या कोलोनजवळच्या बेडबुर्ग गावात ऑक्टोबर 1589 मध्ये पेटर श्टुम्प नावाच्या शेतकऱ्याला चाकाला बांधून त्याची हाडं मोडली, मुंडकं उडवलं आणि धड जाळलं. पंचवीस वर्षं लांडगा होऊन माणसं आणि गुरं फाडल्याचा त्याच्यावर आरोप होता. लगेच पुढच्या वर्षी लंडनमध्ये या खटल्याची पुस्तिका छापून आली. तिच्यातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. श्टुम्प म्हणे नीटनेटके कपडे करून रस्त्यानं फिरायचा आणि ज्यांची पोरं गेली होती, तेच त्याला नमस्कार करायचे. म्हणजे दिसायला अगदी चारचौघांसारखा.

त्याच काळात युरोपात एक माणूस असा होता, की त्याच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत दाट केस होते. पेत्रुस गोन्साल्व्हुस. जन्म तेनेरिफे बेटावरचा. लहानपणीच त्याला फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याच्या दरबारात आणलं. तिथं तो लॅटिन शिकला, त्याचं लग्न झालं, आणि काही मुलांनाही बापासारखेच केस आले. अंतोनिएत्ता या लेकीचं चित्र लाविनिया फोंताना या चित्रकर्तीनं काढलं. चेहराभर केस, अंगात भरजरी झगा आणि हातात स्वतःची माहिती लिहिलेला कागद. या विकाराला आज हायपरट्रायकोसिस म्हणतात. राजेरजवाड्यांनी या कुटुंबाला नवलाई म्हणून पाळलं, एकमेकांना भेट म्हणूनही दिलं. हे काही कमी अपमानाचं नव्हे. पण लांडगामाणूस ठरवून त्यांना कोणी जाळलं नाही.

लांडगामाणसाच्या गोष्टी कुठल्या तरी रोगावरून आल्या, असं अनेकदा सांगतात. म्हणूनच ‘लांडगामाणूस म्हणजे अमुक रोग’ हे उत्तर मला पटत नाही. 1964 मध्ये इलिस या ब्रिटिश डॉक्टरनं पॉर्फिरिया या विकाराकडे बोट दाखवलं. रक्ताला लाल रंग देणारं हीम तयार होताना एक एन्झाइम कमी पडतं, पॉर्फिरिन नावाची द्रव्यं साठतात, ऊन लागलं की कातडीवर फोड येतात, दात तांबूस होतात, चेहऱ्यावर लव वाढते. वर्णन चपखल वाटतं खरं. पण या विकाराचा सर्वांत उग्र प्रकार इतका दुर्मीळ, की जगभरात त्याचे काहीशेच रुग्ण नोंदले गेलेत. शिवाय खटल्यांमधला आरोपी तांबड्या दातांचा अर्धवट पशू नसतोच. एरवी साधा माणूस, आणि रूप बदललं की पुरता लांडगा! पौर्णिमा आणि चांदीची गोळी तर या खटल्यांत शोधूच नका. त्यांचा बोलबाला केला तो विसाव्या शतकातल्या सिनेमानं.

कल्पना मात्र फार जुनी. लांडगामाणसाला इंग्रजीत म्हणतात त्या ‘वेअरवुल्फ’ या शब्दातला ‘वेअर’ म्हणजे पुरुष, आपल्या ‘वीर’चा सख्खा भाऊ. आणि ‘वुल्फ’चं नातं थेट लांडग्याच्या संस्कृत नावाशी, ‘वृक’शी, ज्यावरून भीम वृकोदर झाला. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटस या ग्रीक इतिहासकारानं लिहून ठेवलंय, की न्यूरी नावाचे लोक दरवर्षी काही दिवस लांडगे होतात. त्यानं ही गोष्ट सांगितली, पण तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

मग सोळाव्या शतकातच माणसं का मेली? लांडगे खरे होते आणि मेंढरं राखणाऱ्या पोरांना उचलून नेत होते. कोलोनच्या आसपास त्या दशकात लढाई चालू होती. त्यात सैतानाशी करार करणाऱ्यांना हुडकण्याची मोहीम आणि कबुलीजबाबासाठी छळ कायदेशीर मानणारी न्यायालयं. श्टुम्पला छळाची भीती दाखवल्यावर तो बोलू लागला. सैतानानं आपल्याला कमरेचा पट्टा दिला, तो बांधला की आपण लांडगा होतो, असं त्यानं सांगितलं. पट्टा टाकला तिथं माणसं पाठवली. मिळाला नाही. निष्कर्ष? सैतानानं परत नेला. पुरावा नसणं हाच पुरावा ठरल्यावर कोण सुटणार?

वैद्यांची परंपरा अधिक शहाणी होती. सातव्या शतकातल्या पॉल ऑफ एजिना या वैद्यानं रात्री थडग्यांपाशी भटकणाऱ्या, निस्तेज, कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांचं वर्णन केलं आणि हा मनाचा आजार मानला. आजही ‘क्लिनिकल लायकँथ्रॉपी’, म्हणजे आपण प्राणी झालोय असं वाटण्याचा विरळा भ्रम, मानसोपचारात नोंदला जातो. अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयात बारा वर्षांत असे 12 रुग्ण आढळले, असं 1988 मध्ये प्रसिद्ध झालं. आपण लांडगाच झालोय असं प्रत्येकाला वाटतं, असंही नाही. कोणाला आपण कुत्रा झालोय असं वाटतं, तर कोणाला साप.

न्यायालयांनाही हळूहळू हे उमगत गेलं. 1603 मध्ये जाँ ग्रेनिए हा तेरा-चौदा वर्षांचा गुराखी मुलगा, आपण लांडग्याचं कातडं पांघरून मुलं खातो, अशा बढाया मारत होता. बोर्दोच्या न्यायालयानं त्याची बुद्धी तोकडी आहे हे लक्षात घेऊन त्याला जाळलं नाही, जन्मभर मठात ठेवलं.

सगळ्यांत चक्रावून टाकणारा खटला मात्र 1691 चा, आजच्या लॅटव्हियातला. चर्चमधल्या चोरीच्या प्रकरणात ऐंशीच्या घरातला थिस नावाचा म्हातारा साक्ष द्यायला आला होता. तो लांडगामाणूस आहे हे गावाला ठाऊकच होतं, आणि त्यानंही ते बिनदिक्कत कबूल केलं. ना छळ, ना धमकी. वर म्हणाला, आम्ही सैतानाचे नव्हे, देवाचे कुत्रे. वर्षातून तीन रात्री आम्ही नरकात उतरतो आणि चेटक्यांनी पळवलेलं धान्य परत आणतो, नाहीतर पीक येणार कसं? पुरावा म्हणून त्यानं आपलं मोडलेलं नाक दाखवलं. ते म्हणे नरकातल्या मारामारीत एका चेटक्यानं फोडलं होतं. न्यायाधीशांची पंचाईत झाली. त्यांच्या पोथीत लांडगामाणूस सैतानाचाच असायला हवा होता. पाद्री बोलावला, पश्चात्ताप कर म्हणून समजावलं. थिस बधला नाही. पाद्री अजून पोरसवदा आहे, त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं, असं म्हणाला. 1692 मध्ये त्याला फटक्यांची आणि हद्दपारीची शिक्षा झाली.