माउंटन बाइकची जुनी फ्रेम : ओळख व कालनिश्चिती

माउंटन बाइकच्या जुन्या फ्रेमचा निर्माता, मॉडेल व घडणीचे वर्ष ठरविण्याची पद्धत. साधारणपणे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या, २६ इंची चाकांच्या आणि प्रामुख्याने पोलादी नळ्यांच्या फ्रेम तिच्या कक्षेत येतात. अशी फ्रेम बहुधा नावाचे स्टिकर गेलेल्या, रंग बदललेल्या आणि सुटे भाग अनेक हातांनी बदललेल्या अवस्थेत मिळते. म्हणून जी खूण सहज काढता-लावता येते ती दुय्यम आणि जी नळीला झाळून पक्की केलेली आहे ती पहिल्या प्रतीची, हा या पद्धतीचा पाया होय.

पूर्वपीठिका : सर्वांत जुनी माउंटन बाइक फ्रेम कोणती, यावर एकमत नाही, आणि कालनिश्चितीची सुरुवातीची मर्यादा या उत्तरावरच ठरत असल्याने हा वाद टाळता येत नाही. कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत, मौंट टॅमलपाईसच्या उतारांवर १९७०च्या दशकात ज्या सायकली दामटल्या जात, त्या श्विन कंपनीच्या १९३०–४०च्या सुमाराच्या, जाड टायरांच्या ‘एक्सेलसियर’ जातीच्या होत. त्यांना ‘क्लंकर’ म्हणत. ऑक्टोबर १९७६ मध्ये तेथे ‘रीपॅक’ ही उतारावरची शर्यत सुरू झाली. एका फेरीतच मागच्या हबमधील ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि हब पुन्हा ग्रीसने भरावा लागे, त्यावरून हे नाव पडले. मात्र डिसेंबर १९७४ मध्येच मरीनमधील एका सायक्लोक्रॉस (चिखल-गवतातल्या) शर्यतीला कुपर्टिनोच्या मॉरो डर्ट क्लबची मंडळी गिअर बसवलेल्या जाड टायरांच्या सायकली घेऊन आली होती. जॉन फिनली स्कॉट यांनी १९५३ मध्ये जुळवलेली ‘वुड्सी’ तर याहूनही जुनी. तिचा पुढील परंपरेशी थेट धागा मात्र जोडता येत नाही.

या साऱ्या जुळवाजुळव केलेल्या सायकली होत. याच कामासाठी नव्याने बांधलेली फ्रेम हा निकष लावल्यास जो ब्रीझ यांनी १९७७च्या अखेरीस पूर्ण केलेल्या ‘ब्रीझर’कडे पारडे झुकते. त्याआधी क्रेग मिचेल यांनी चार्ली केली यांच्यासाठी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची एक फ्रेम बांधली होती, पण केली पुन्हा जुन्या श्विनकडे वळले. त्यामुळे अभ्यासक तिला बहुधा पूर्वसूरी मानतात. फ्रेम आणि सगळे भाग नवे असलेली पहिली सायकल म्हणून ब्रीझरला अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. पहिल्या मालिकेतील ब्रीझर निकेलचा मुलामा दिलेल्या असून मुख्य नळ्यांशिवाय दोन्ही बाजूंनी मागे जाणारी बारीक नळ्यांची एक जोडी त्यांना आहे. ही जोडी दिसली की स्टिकरची गरज उरत नाही.

१९७९ मध्ये गॅरी फिशर व केली यांनी टॉम रिची यांनी बांधलेल्या फ्रेम ‘माउंटनबाइक्स’ या नावाने विकण्यास सुरुवात केली. १९८१च्या सुमारास स्पेशलाइज्ड कंपनीची, जपानमध्ये तयार झालेली ‘स्टंपजंपर’ बाजारात आली आणि हाताने बांधलेल्या मोजक्या फ्रेमचा काळ सरून कारखान्याच्या उत्पादनाचा काळ सुरू झाला. ओळखीचा खरा पेच येथून पुढे उद्भवतो. जपान व तैवानमधील एकच कारखाना अनेक नावांसाठी फ्रेम बनवी; त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या फ्रेमचे सांधे, मागच्या चाकाच्या खाचा आणि अनुक्रमांकाची धाटणी हुबेहूब सारखी आढळते.

अनुक्रमांक : हा बहुधा बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलांचा आस बसतो त्या) नळकांड्याच्या तळाशी, क्वचित मागच्या खाचेवर किंवा सीटच्या नळीवर ठोकलेला असतो. सायकल उलटी करून चिखल व तेल रॉकेलच्या फडक्याने काढावे. आकडे रंगाने बुजले असतील तर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासावी. शिलालेखाचा ठसा घेण्याचीच ही धाकटी रीत. ३ व ८ किंवा १ व ७ यांचा घोटाळा कागदावर लवकर सुटतो. फ्रेम नव्या रंगाला देण्यापूर्वीच हे करणे अत्यावश्यक आहे, कारण वाळूच्या माऱ्याने उथळ ठोकलेले आकडे पुसट होतात आणि जाड पावडर-रंगाखाली उरलेलेही दडतात. हा पुरावा एकदा गेला की परत मिळत नाही. अनुक्रमांक वाचण्याचा सर्वमान्य नियम नाही. काही निर्मात्यांच्या क्रमांकात वर्ष व महिना असतो, काहींच्या क्रमांकात केवळ कारखान्याचे अक्षर आणि उत्पादनाचा क्रम. श्विनच्या काही काळातील सायकलींवर हँडलखालच्या बिल्ल्यावर चार आकडे ठोकलेले असतात : पहिले तीन वर्षातला दिवस दाखवतात, चौथा वर्षाचा शेवटचा अंक. दशक मात्र फ्रेमच्या इतर लक्षणांवरून ठरवावे लागते.

ब्रेकच्या खुंट्या : ब्रेकचे हात ज्यांवर फिरतात ते फ्रेमला झाळलेले खिळे म्हणजे खुंट्या; फ्रेमवरील सर्वांत बोलकी खूण हीच. कँटिलिव्हर, रोलर-कॅम आणि यू-ब्रेक या रिमवर दाबणाऱ्या ब्रेकच्या जाती होत. कँटिलिव्हर ब्रेकच्या खुंट्या रिमच्या कडेपेक्षा चाकाच्या आसाकडे असतात. रोलर-कॅम आणि यू-ब्रेकच्या खुंट्या रिमच्या पलीकडे, टायरच्या बाजूला असतात. त्यामुळे एका जातीच्या खुंटीवर दुसऱ्या जातीचा ब्रेक बसत नाही आणि मागाहून सोयीने बदल करणे अवघड जाते. मागचा ब्रेक बॉटम ब्रॅकेटमागच्या आडव्या नळ्यांच्या खाली बसविण्याची टूम १९८६ ते १९८९ या काळात जोरात होती. तेथे चिखल साचून चाक जखडे, म्हणून १९९०च्या आसपास ती जवळजवळ संपली. अशा खुंट्या असलेली फ्रेम १९७८ची किंवा १९९५ची म्हणून दाखविली जात असेल, तर तो दावा मान्य करू नये. सीटखालच्या दोन नळ्यांमध्ये कँटिलिव्हरची केबल अडकविण्याचा थांबा झाळलेला नसेल आणि खुंट्या मात्र वरच्या नळ्यांवर कँटिलिव्हरच्या जागी असतील, तर ती फ्रेम १९९६ मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने असा थांबा न लागणारा व्ही-ब्रेक आणल्यानंतरची असण्याचा संभव मोठा.

मापे : हेड ट्यूबमध्ये (हँडलखालच्या पुढच्या नळीत) बसणाऱ्या, पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दांड्याचा व्यास १९८०च्या दशकात सर्रास २५.४ मिमी. असे. दशक संपता संपता २८.६ मिमी. आणि फिशरच्या फ्रेमवर ३१.८ मिमी. अशी मापे आली, त्यांपैकी २८.६ टिकले. मागच्या खाचांमधील अंतर पूर्वार्धात १२६ किंवा १३० मिमी., तर दशकाअखेर १३५ मिमी.कडे गेले. हे अंतर मात्र सावधपणे वापरावे. पोलादी फ्रेम ताकद लावून रुंद करता येते आणि तशी केलेली पुष्कळ आढळते. हेड ट्यूबचा कोन सुरुवातीच्या फ्रेममध्ये सुमारे ६८–६९ अंश आणि मागच्या आडव्या नळ्या लांब. पुढे कोन ७१ अंशांजवळ आला व नळ्या आखूड झाल्या.

सुटे भाग : क्रँक (पॅडलचा दांडा), डिरेलर (गिअर बदलणारा भाग) आणि ब्रेक मूळचेच असतील तर त्यांच्या पाठीवरील दोन रोमन अक्षरे वर्ष सांगतात. शिमानोच्या पद्धतीत पहिले अक्षर वर्षाचे (ए म्हणजे १९७६) आणि दुसरे महिन्याचे. ‘के सी’ म्हणजे मार्च १९८६. सनटूर या दुसऱ्या जपानी कंपनीची अक्षरमाला १९८४ मध्ये पुन्हा ए पासून सुरू झाली. त्यामुळे ‘डी’ हे अक्षर शिमानोच्या भागावर १९७९ दाखवते, सनटूरच्या भागावर १९८७. दोन्ही तक्ते एकमेकांत मिसळल्याने झालेल्या चुका अनेक आहेत. शिवाय पुढील वर्षाची मॉडेले आदल्या शरदातच दुकानात येत, म्हणून १९८६च्या उत्तरार्धातील भाग १९८७च्या मॉडेलवर असणे स्वाभाविक होय. एखाद-दुसरा भाग बराच नवा असेल तर तो बदललेला समजावा; सगळे भाग एकाच सहामाहीतले निघाले तर मात्र ती साक्ष भक्कम असते.

अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमना हे निकष अंशतःच लागू पडतात. कॅननडेल कंपनीच्या १९८४च्या पहिल्या माउंटन बाइकला मागचे चाक २४ इंची होते, ही तिची ठळक खूण. मागे स्प्रिंग असलेल्या फ्रेमचा विचार येथे केलेला नाही.

निर्णय : समजा, एका बेनाम फ्रेमचे दांड्याचे माप २५.४ मिमी., मागचे अंतर १३० मिमी., यू-ब्रेकच्या खुंट्या आडव्या नळ्यांखाली आणि शिमानोच्या क्रँकच्या मागे ‘एल एच’ अक्षरे आहेत. खुंट्या १९८६–८९ हा पट्टा देतात, क्रँक ऑगस्ट १९८७. म्हणून ‘बहुधा १९८८चे मॉडेल’ अशी नोंद करावी. मॉडेलचे नाव त्या वर्षीच्या कॅटलॉगमधील रंग व केबल-थांब्यांची मांडणी ताडून पाहिल्यावरच लिहावे, आणि तोवर ती जागा कोरी ठेवावी.