बंद खोलीतला आवाज कुठून आला? प्रतिध्वनी वापरण्यापर्यंतचा प्रवास

पहिल्या महायुद्धात विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांच्या ब्रिटिश तुकडीने दूरदूर मांडलेल्या मायक्रोफोनांवर तोफेचा आवाज किती मागेपुढे पोहोचतो ते मोजून तोफेची जागा काढली. आवाजाची जागा शोधण्याचे मूळ गणित आजही तेच आहे. खोलीत मात्र ते भिंतींमुळे फसते.

२० अंश सेल्सिअसला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. २० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन मायक्रोफोनांत वेळेचा फरक जास्तीत जास्त ०.५८ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने (आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापे) घेतले तर जेमतेम २८ नमुने. साऱ्या दिशा एवढ्यात मावतात. खोलीतला आवाज विरायला मात्र अर्धा सेकंदही लागू शकतो. टेबलावरून परतलेला आवाज थेट आवाजाला चिकटूनच येतो आणि उत्तर सरकते. माणसाचा कान पहिल्या लहरीला प्राधान्य देऊन यातून सुटतो. वॉलख, न्यूमन आणि रोझेन्झ्वाइग यांनी १९४९ मध्ये हे दाखवले.

यंत्रांसाठी मोठा टप्पा १९७६ चा. नॅप आणि कार्टर यांनी दोन मायक्रोफोनांवरच्या संकेतांची जुळणी करण्याआधी प्रत्येक वारंवारतेला वजन देण्याची रीत मांडली. तिच्यातला ‘फेज ट्रान्सफॉर्म’ तीव्रता पुसून फक्त कला (फेज, म्हणजे लहरीचा मागेपुढेपणा) ठेवतो, त्यामुळे जुळणीचे शिखर, म्हणजे दोन संकेत सर्वाधिक जुळतात तो वेळेचा फरक, टोकदार होते. पण नुसता गोंगाट असलेल्या वारंवारतांच्या पट्ट्यालाही सारखेच वजन मिळते. म्हणून आधी बोलण्याचा पट्टा गाळून घ्यावा.

खरे वळण १९७९ चे, असे आम्हाला वाटते. ॲलन आणि बर्कली यांनी चौकोनी खोलीतल्या भिंती आरशांसारख्या धरून प्रतिध्वनींचे गणित संगणकावर बसवले. हेतू खोलीची नक्कल करण्याचा होता, पण त्याच चित्रातून उलटा मार्गही दिसतो: भिंतींच्या जागा ठाऊक असतील तर प्रत्येक प्रतिध्वनी हे आवाजाची जागा काढायला एक जादा समीकरण. थेट वाट २ मीटर आणि भिंतीवरून ३.५ मीटर असेल तर प्रतिध्वनी ४.४ मिलिसेकंद, म्हणजे सुमारे २१० नमुने मागून येतो. हा फरक मोजणे अवघड नाही.

अवघड आहे ते कोणता प्रतिध्वनी कोणत्या भिंतीचा हे ओळखणे. २०१३ मध्ये डोकमानिच आणि सहकाऱ्यांनी काही मायक्रोफोनांवरच्या प्रतिध्वनींतून खोलीचा आकार काढला, तेव्हाही मुख्य काम या वर्गवारीचेच होते. मायक्रोफोन खोलीच्या अगदी मध्यावर ठेवला तर समोरासमोरच्या भिंती वेगळ्या ओळखता येत नाहीत. तो मुद्दाम एका बाजूला सरकवावा. भिंतीचे माप ५ सेंटिमीटर चुकले तर वाट १० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे १४ नमुन्यांनी चुकते.